ओटा बदलताना : कडप्पा, ग्रॅनाइट आणि आपला खिसा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



रौप्यमहोत्सवात काय बोलायचं असं मी विचारलं, तेव्हा सचिवांनी सांगितलं, "मॅडम, सध्या सोसायटीत एकच विषय चाललाय. ओटा बदलायचा. त्याच्यावरच बोला." बरोबरच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी सगळ्या फ्लॅटना सारखाच काळा कडप्पा बसवला होता. आता कुठं पॉलिश उडालंय, कुठं सिंकजवळ तडा गेलाय. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवलं आणि घरी रोज दोन वेळा भाकरी थापली. या दोन्ही अनुभवांवर आज बोलते.

आपला ओटा कुठून आला?

आपला बीड जिल्हा काळ्या पाषाणावर बसलाय. कंकालेश्वराचं मंदिर बघा, नाहीतर आजीचा पाटा-वरवंटा आणि जातं बघा. सगळा हाच दगड. कठीण आहे, पण त्याला जागोजाग सांधे आणि भेगा असतात. सहा-आठ फुटांची पातळ, सरळ फळी त्यातून सहज निघत नाही. म्हणून त्याची भिंत होते, जातं होतं, खडी होते, पण ओटा होत नाही.

ओट्याचा आणि फरशीचा दगड आपल्याकडे पूर्वीपासून दक्षिणेतून येतो. जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड आणि शहाबाद एकाच निजामी राज्यात होते, त्यामुळं ही फरशी आपल्याकडे घरोघरी दिसते. कडप्पा हे तर गावाचंच नाव. आंध्रातला कडप्पा जिल्हा निजामानं १८०० साली इंग्रजांना दिला, पण त्याच्या नावाचा दगड आपल्या स्वयंपाकघरात राहिला. ग्रॅनाइट बहुतेक कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि राजस्थानातून येतो. ज्या इलकलची लुगडी आपल्या आज्या नेसायच्या, त्याच इलकलचा लालसर ग्रॅनाइटही प्रसिद्ध आहे.

ही गावांची नावं सांगण्याला कारण आहे. कडप्पा, शहाबादी, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच घराण्यातला. ग्रॅनाइट मात्र जमिनीच्या पोटात तापलेला रस थंड होऊन बनलेला. ओटा निवडताना निम्मा निर्णय या एका फरकावर होतो.

लिंबू, चिंच आणि बोअरचं पाणी

चुनखडीला आंबट चालत नाही. लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, ताक, टोमॅटो कडप्प्यावर सांडून तसंच राहिलं की पांढुरका, खरखरीत डाग पडतो. वहिनी म्हणतात, "घासून घासून जात नाही." जाणार कसा? तो डाग वर लागलेला नाही, तिथला दगडच थोडा खाल्ला गेलाय.

आपल्याकडे दुसरा त्रास बोअरच्या जड पाण्याचा. नळाभोवती पांढरा थर साचतो, आणि तो काढायला काही जणी संडास धुण्याचं ॲसिड वापरतात. कृपा करून ते कडप्प्यावर कधीही घालू नका. तो पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कडप्पाही मुख्यतः तेच. जे थराला विरघळवतं ते ओट्यालाही विरघळवतं. थर साचूच नये म्हणून रात्री ओटा कोरड्या फडक्यानं पुसून ठेवणं, हा खरा उपाय. फुकटातला आहे.

ग्रॅनाइटला आंबटाचं एवढं भय नाही, तापलेलं पातेलंही तो सोसतो. पण कुठल्याही दगडावर तापलेला तवा ठेवून लगेच गार पाणी ओतू नये, तडा जाऊ शकतो.

स्वस्तापासून महागापर्यंत

पहिला पर्याय दुकानदार कधी सांगणार नाही : ओटा बदलूच नका. दगडाला आरपार तडा नसेल, ओटा खचला नसेल, तर मशिनची पॉलिश करून घ्या. जुने डाग बरेच जातात. सिंकच्या कडेचा जोड नव्यानं भरून घ्या. सोसायटीतल्या निम्म्या ओट्यांना एवढंच पुरेल असं मला वाटतं.

दुसरा पर्याय, फक्त वरची फळी बदलणं. आपल्या ओट्यांखाली उभ्या कडप्प्याचे खण आहेत. ते मजबूत असतील तर कशाला फोडायचे? त्यांच्यावरच नवीन फळी बसते. तोडफोड वाचते, मलबा वाचतो, मजुरी वाचते.

तिसरा, पुन्हा नवा कडप्पा. फळीचा दगड म्हणून अजूनही सगळ्यांत परवडणारा. मुलांच्या फिया, घराचे हप्ते चालू असतील तर कडप्पा घ्यायला लाजायचं काही कारण नाही. आंबट लगेच पुसायचं आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, एवढी सवय हवी.

चौथा, ग्रॅनाइट. माझ्या मते मध्यमवर्गीय घराला सगळ्यांत हिशेबी. एकदा खर्च करा, पुढं बघायला नको. गडद आणि बारीक ठिपक्यांचा घ्या, डाग दिसत नाहीत. पैसे कमी असतील तर दुकानदाराला कटपीस विचारा. मोठ्या कामातून उरलेले तुकडे कमी भावात मिळतात. सरळ, लहान ओट्याला एखादा अगदी बरोबर बसून जातो.

पाचवा, टाइल. मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल आता ओट्यालाही बसवतात. दिसायला छान, डाग पडत नाही. पण कडेला पातेलं आपटलं की टवका उडतो आणि जोडात तेलकट मळ बसतो. बसवायचीच असेल तर जोड साध्या सिमेंटनं न भरता इपॉक्सीनं भरून घ्या.

सहावा, क्वार्ट्झ. हा खाणीतून फळी होऊन निघत नाही. दगडाची भुकटी आणि रेझिन दाबून कारखान्यात बनवतात. डागाला चांगला, पण रेझिनमुळं गरम तव्याला कच्चा. आपण तापलेला कुकर उतरवून सरळ ओट्यावर ठेवणारी माणसं. ग्रॅनाइटपेक्षा जास्त पैसे देऊन वर चटक्याची काळजी कशाला घ्यायची? पांढऱ्या संगमरवराबद्दल तर बोलायलाच नको. हळद आणि लिंबू, दोन्ही त्याचे वैरी.

दुकानात काय बघायचं?

एक, फळीवर पाण्याचे थेंब टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर खाली गडद डाग उरला तर दगड पाणी पितोय, तेलही पिणार. दोन, अगदी काळाभोर ग्रॅनाइट असेल तर पांढऱ्या कापसावर थिनर घेऊन कोपऱ्यात चोळा. कापूस काळा झाला तर रंग चढवलेला आहे. तीन, जाडी टेपनं मोजा. सतरा-अठरा मिलिमीटर तरी हवी. चार, फळी उजेडात तिरपी धरून केसासारखी भेग आहे का ते पाहा.

आणि हिशेब कागदावर मांडा. समजा तुमचा ओटा एल आकाराचा आहे, एक बाजू आठ फूट, दुसरी सहा, रुंदी दोन फूट. काही जण आठ आणि सहा चौदा, गुणिले दोन, अठ्ठावीस चौरस फूट असं बिल करतात. पण कोपरा दोनदा मोजला गेला! आठ दुणे सोळा, आणि दुसऱ्या बाजूचे कोपरा सोडून चार फूट, म्हणजे आठ. एकूण चोवीस. चार चौरस फुटांचे पैसे वाचले. त्याशिवाय कडेची गोलाई रनिंग फुटानं, सिंकचं आणि शेगडीचं कटिंग, वाहतूक, मजुरी, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. नुसता "स्क्वेअर फुटाला एवढा भाव" ऐकून ठरवू नका.

वजनाचाही विचार करा. अठरा मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार किलो भरतो. वीस चौरस फुटांचा ओटा म्हणजे नव्वद किलो. जिन्यानं वर न्यायला किती माणसं लागतील आणि त्यांचे पैसे कोण देणार, हे आधीच ठरवा.

उंची कोणाची?

ओट्याची उंची गवंड्यानं ठरवू नये. जी रोज उभी राहते तिनं ठरवावी. कोपर वाकवून उभं राहा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा येऊ द्या. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण बत्तीस-तेहतीस इंच. पण आपल्याकडे ज्वारीची भाकरी ओट्यावरच परातीत थापतात. त्याला खांद्यातून जोर लावावा लागतो, म्हणून त्यासाठी ओटा दोन-तीन इंच खाली असलेला बरा. जागा असेल तर एका टोकाचा दोन फुटांचा भाग खाली घ्या. रंगापेक्षा या दोन इंचांवर पैसे घाला. पाठ आयुष्यभर आठवण काढील. सून आणि सासू दोघी स्वयंपाक करत असतील तर दोघींना उभं करून मोजा. घरातल्या पुरुषांनाही उभं करा, त्यांनाही चहा करता येतो.

आणि ठेचा कुटायचा तर खलबत्ता जमिनीवर घ्या. सिंकच्या पुढची दगडाची पट्टी चार बोटांची असते, तडा पहिला तिथंच जातो. बसवताना त्या पट्टीखाली आधार द्यायला सांगा. जोड सिंकवर किंवा शेगडीखाली येऊ देऊ नका. खालच्या खणांत अडीच फुटांपेक्षा जास्त मोकळा गाळा ठेवू नका.

शेजाऱ्याचं छत

आता सोसायटीचा मुद्दा. आपला ओटा म्हणजे खालच्या घराच्या छतावरची मोरी. ओट्याला सिंककडे हलका ढाळ हवा, भिंतीशी जोड पक्का हवा, आणि पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे ओघळ मागं न जाता तिथंच गळून पडतो. टाइल लावण्याआधी नळाची जोडणी पाण्याच्या दाबाखाली तपासा. आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या सिंक, संडास वगैरेची गळती दुरुस्त करणं त्या सभासदाच्याच खर्चानं असतं, आणि फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी समितीची परवानगी लागते. ओटा फोडण्याआधी एक अर्ज द्या आणि खालच्या घरात सांगून या. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दगड कापणारं पोरगं आपल्या जिन्यात बसून कोरडं कटर चालवतं, तोंडाला फार तर रुमाल. पांढरा धुरळा तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. आपण दारं लावून घेतो. ते पोरगं कुठं जाणार? ग्रॅनाइटच्या आणि क्वार्ट्झच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यातून फुप्फुस पुन्हा बरं होत नाही. क्वार्ट्झच्या फळ्यांत सिलिका फार जास्त असते, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यांच्या वापरावर बंदीच घातली. तिथल्या कामगारांना हा आजार ऐन तरुणपणी होत होता.

म्हणून माझी समितीला विनंती आहे, रौप्यमहोत्सवी वर्षात एक साधा नियम करू या. शक्य तेवढं कटिंग दुकानातच, पाणी सोडून. जे इथं करावं लागेल ते खाली मोकळ्या जागेत, कटरवर पाण्याची धार ठेवून, आणि कापणाऱ्याच्या तोंडाला चांगला मास्क. मास्क घरमालकानं आणून द्यायचा. हजारो रुपयांच्या ओट्यात एका मास्कचे पैसे जड नाहीत.

आणि दुसरी सूचना : ज्यांना यंदा ओटा करायचा आहे त्यांनी सचिवांकडे नावं द्या. आठ-दहा घरांची मापं एकाच दिवशी घेऊ, भाव एकत्र विचारू, गाडी एकच करू. वाहतूक वाटली जाईल आणि भावही उतरेल. मापं घ्यायला टेप घेऊन मी स्वतः येईन. चहा मात्र त्या त्या घरानं करायचा, आहे त्या ओट्यावर.