वाढत्या वयातील मुले आणि पालकांची समजूत



सातवी-आठवीतील मुलांविषयी पालकांची तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते : “गुरुजी, पोरगं पार बिघडलं. काल ऐकत होतं, आज उलटून बोलतंय.” अशा वेळी शिक्षक पालकांच्या सुरात सूर मिसळतो, की त्यांस चार गोष्टी शांतपणे समजावून देतो, यावर कित्येकदा त्या मुलाचे शिक्षण अवलंबून असते. वारंवार अपमान झालेला मुलगा शाळेस पाठमोरा होतो. मुलगी अबोल वा हट्टी झाली की काही घरांत तिच्या लग्नाची बोलणी निघतात.

मेंदूचा आकार बालपणीच बहुतेक पूर्ण वाढतो. परंतु त्याची आतील घडण पुढेही चालू राहते. अमेरिकेतील जे गीड व त्यांचे सहकारी यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूची छायाचित्रे काही वर्षांच्या अंतराने घेऊन १९९९ साली हे दाखवून दिले. या वयात भावना चेतविणारे भाग लवकर जागे होतात. कपाळामागील, विचारपूर्वक आवर घालणारा भाग मात्र पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो. शेतकरी पालकांस हे सहज उमगते. खोंडाच्या अंगी बळ आधी येते, चाल मागाहून बसते. म्हणून त्यास कोणी टाकून देत नाही. जाणत्या बैलाच्या जोडीस जुंपतात.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मोटार चालविण्याच्या खेळात कुमारांनी एकटे असताना पत्करले त्याहून पुष्कळ अधिक धोके मित्रांदेखत पत्करले. विहिरीत उंचावरून उडी घेणारा किंवा तिघांना घेऊन मोटारसायकल हाकणारा मुलगा घरी एकटा असताना समंजस का वाटतो, याचा उलगडा यातून होतो. यास्तव त्याची चूक सोबत्यांसमोर काढू नये. बाजूस घेऊन, राग ओसरल्यावर बोलावे.

तिसरी गोष्ट झोपेची. या वयात रात्री झोप उशिरा येते व गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सकाळचे जडपण म्हणजे आळसच, असे मानू नये. रात्री मोबाईल दूर ठेवण्याचा नियम घरातील थोरांनीही पाळावा.

समजून घेणे म्हणजे मोकळे सोडणे नव्हे. नियम थोडे असावेत, परंतु ठाम असावेत, आणि त्यांचे कारण मुलास सांगावे. मूल दीर्घकाळ एकलकोंडे राहिले, जेवण-झोप तुटली वा मरणाची भाषा बोलू लागले, तर ‘वयाचा दोष’ म्हणून थांबू नये. तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, अथवा टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

पुणे शहरात १९८७ साली ‘पालकनीती’ हे मासिक निघाले. पालकत्वाचाही विचार व अभ्यास करावा लागतो, हे त्या नावातच आले आहे. ज्या घरी मासिक पोचत नाही, त्या घरी शिक्षक पोचतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. येत्या सभेत इमारत व पोषण आहार यांच्या चर्चेनंतर अर्धा तास या विषयास द्यावा. जे पालक सभेस येत नाहीत, त्यांच्या घरी जावे. ज्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील, तेथे सर्वांआधी जावे.