कमवणारा आणि शिकणारा



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण फौंड्रीत, कामगारांच्या द्वारसभांत आणि मागून आणलेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा महाविद्यालयाच्या विषयावर आम्हांला उभे करण्यात संयोजकांनी थोडे धाडसच केले आहे. परंतु दारातून परत फिरलेल्या माणसालाही त्या दाराविषयी काही सांगता येते, एवढाच आमचा अधिकार.

लोकांचे कॉलेज कशाला म्हणावे, हा आजचा प्रश्न. सरकारी अनुदान मिळते म्हणून ते लोकांचे होते काय? की गावच्या पुढाऱ्यांची नावे संगमरवरी फळीवर कोरली म्हणजे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. साताऱ्यापर्यंत गेले तरी पुरे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. भाऊराव स्वतः कॉलेजात शिकलेले नव्हते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले होते. ज्या घरात कंदील जातो, त्या घरातले पोर वाचते की नाही, हे त्यांनी उंबऱ्यावर उभे राहून पाहिले असेल, असे आमच्यासारख्याला वाटते. 1924 साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग चालविले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामही एकत्र करीत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1927 साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. अशी वीस-पंचवीस वर्षे बोर्डिंगे, शाळा आणि शिक्षक तयार करण्यात गेल्यावर, 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले.

या कॉलेजाचा पाया म्हणजे 'कमवा आणि शिका'. फीला पैसे नाहीत? तर दोन हात आहेत. मुलांनी माळ फोडून शेत केले, दगड फोडले, बांधकामावर पाट्या वाहिल्या, आणि त्याच हातांनी वह्या लिहिल्या. ज्या घरातून आजवर कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, त्या घरांतील मुले पदवी घेऊन बाहेर पडली.

आम्ही पडलो कामगार चळवळीतले. कष्टाचा गौरव ऐकला, की आमचा हात आधी खिशातल्या टिपणवहीकडे जातो. काम किती तास? मोबदला काय? आणि कष्टाचे फळ कोणाच्या ताटात पडले? मुलांकडून दगड फोडून घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. साऱ्या जगातल्या मालकांनी ती केली आहे. मग साताऱ्यात निराळे काय होते? निराळे हे, की मुलाने पिकविलेले धान्य त्याच्याच पंगतीत आले आणि त्याने रचलेल्या भिंतीआड त्याचाच वर्ग भरला. त्या कष्टावर तिसऱ्या कोणाचा नफा उभा नव्हता. आमच्या मते, कॉलेज लोकांचे झाले ते या हिशेबामुळे.

आता दुसरे एक उदाहरण. 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे कॉलेज. दिवसा कचेरीत काम करणाऱ्याला शिकता यावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरविण्यात आले. साताऱ्याने गरिबाच्या पोटाचा प्रश्न सोडविला, तर मुंबईने नोकरदाराच्या वेळेचा. दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्याला सोयीचे होईल असे कॉलेज घडविले. कॉलेजाला सोयीचा होईल असा शिकणारा निवडला नाही.

आणि आज? भगिनींनो आणि बंधूंनो, 'कमवा आणि शिका' हे शब्द आता आम्हांला कारखान्यांच्या फाटकावरही वाचायला मिळतात. मागे एका औद्योगिक वसाहतीत आमची द्वारसभा होती. रात्रपाळी सुटून शिकाऊ पोरांचा एक जथा बाहेर आला. त्यातला एकजण, वय असेल वीसेक, आमच्यापाशी येऊन म्हणाला, "दादा, मी कमवतोय का शिकतोय, हेच कळंना झालंय." कायम कामगाराचे काम तो करी, हातात मात्र विद्यावेतन. वर्ग कधी भरतो म्हणून विचारले, तर सहा महिन्यांत दोनदा भरला होता. त्याच्या हजेरीपटावर शिक्षण लिहिलेले होते आणि यंत्रावर मजुरी चालली होती. शब्द भाऊरावांचे, हिशेब मात्र उलटा! त्या पोराला आम्ही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच आज येथे उभे आहोत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. श्रमाची प्रतिष्ठा शिकविणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात आज कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवितात. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर नाही. आमच्या भाषेत याला रोजंदारी म्हणतात. ज्याला पुढच्या वर्षीची शाश्वती नाही, तो पोरांना कशाचा भरवसा देणार? आमच्यातले काही मित्र म्हणतात, पांढरपेशांचे दुःख ते पांढरपेशे पाहतील. आम्हांला हे पटत नाही. जो आमच्या मुलांना शिकवितो तो आमचाच सोबती आहे.

साताऱ्याचे ते कॉलेज आज कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग झाले आहे. त्याचा आनंद आहेच. पण प्रत्येक गावाने आपल्याही कॉलेजाच्या दारात जाऊन काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. पाळीवर जाणाऱ्या मुलाला सोसेल अशा वेळी वर्ग भरतो काय? ज्याचे नाव पटावर नाही अशा कामगाराला ग्रंथालयात बसून वाचता येते काय? मुले जे काम करतात त्याचा मोबदला त्यांना मिळतो काय? आणि शिकविणाऱ्याला पुरा पगार मिळतो काय?

आमच्या तरुणपणी एका कॉलेजाच्या ग्रंथालयाने "तुम्ही विद्यार्थी नाही" म्हणून आम्हांला परत पाठविले होते. त्या वेळी राग आला. आता वाटते, चूक आमचीही होती. आम्ही एकटे गेलो होतो. दहाजण मिळून गेलो असतो, तर बाक रिकामा करून द्यावा लागला असता. यापुढे तुम्ही गेलात, तर आम्हांलाही हाक मारा.