दावा काढून घेण्याआधी

मंडळी, आमच्या एका शेजाऱ्याने जमिनीच्या ताब्यासाठी नाशिकच्या कोर्टात दावा लावला. दाव्यात गट नंबर चुकला. "काढून घेतो, नीट करून पुन्हा लावतो," म्हणाला अन् कागदावर सही करून मोकळा झाला. पुन्हा गेला, तर दार बंद!

असे का झाले? १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, दावा पुन्हा लावायचा असेल तर काढून घेतानाच कोर्टाची परवानगी मागा. कारण पटले तरच ती मिळते.

मुदतही थांबत नाही. पहिला दावा लावलाच नव्हता, असे धरून ती मोजतात. ताब्याच्या दाव्याला १२ वर्षे, उसन्या पैशाला ३ वर्षे.

आता तुम्हाला वाचता येते. सही करण्याआधी कागद वाचा. त्यात 'पुन्हा दावा लावण्याची परवानगी' मागितली आहे ना, ते बघा.