भीमाशंकरच्या रानात एक दिवस

हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल.

आज आमच्या गटांनी काढलेल्या एका दिवसाच्या सहलीबद्दल बोलायचं आहे. ही सहल देवदर्शनाची नव्हती, बस्ता बांधायला जायची नव्हती, की कुठल्या मेळाव्याला गर्दी करायचीही नव्हती. आम्ही अठरा जणी भीमाशंकरच्या रानात वाटाड्याबरोबर पायी हिंडलो आणि शेकरू बघून आलो.

शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पोरांच्या पुस्तकात त्याचं चित्र असतं आणि पोरं आपल्याला विचारतात, "आई, तू पाहिलंस का?" चाकणपासून गाडीनं तीनेक तासांवर हे जनावर राहतं. आमच्यातल्या कितीतरी जणी भीमाशंकरला चार-चार वेळा जाऊन आलेल्या. पण पहाटे निघायचं, रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, पेढे घ्यायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचं, एवढंच. देवळाभोवतीच्या रानात शेकरू असतं हे ऐकून माहीत होतं. मान वर करून बघायला सवड कुणालाच झाली नव्हती.

पहिला प्रश्न पैशाचा आला, तो तुम्हालाही येईल. बैठकीत विषय निघाला तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "पाचशे रुपयांत माझ्या पोराच्या वर्षाच्या वह्या येतात. झाडावरची खार बघायला कशाला घालवू?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या जणी कंपनीत ठेकेदाराकडे रोजावर आहेत. एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. त्यावर एक वयस्कर मावशी बोलल्या. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली आहे. त्या म्हणाल्या, "अगं, गटाच्या कर्जातून आपण नवऱ्याची रिक्षा घेतली, दिराचं दुकान घातलं, पोरीचं लग्न केलं. आपल्यासाठी म्हणून काय घेतलं?" बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग ठरलं ते असं. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. दर बैठकीला पन्नास रुपये वेगळे, वेगळ्या वहीत. दहा महिन्यांत प्रत्येकीचे पाचशे झाले. दिवस गुरुवारचा धरला, कारण आपल्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार टाळले. त्या दिवसांत तिथं माणसांचीच जत्रा असते, जनावर कुठून दिसणार?

निघायच्या आधी एका मैत्रिणीच्या मुलीनं विचारलं, "तिथं वाघ नाही, गेंडा नाही, मग बघायचं काय?" गेंड्याची गोष्ट आम्ही तिला मुद्दाम सांगितली. नेपाळात चितवनच्या जंगलात लोक वाटाड्यांबरोबर पायी जाऊन गेंडे बघतात. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून जुनं ठिकाण आहे. तिथं १९७४ साली हजारो वर्षांपूर्वीची धातूची चार शिल्पं सापडली. त्यात हत्ती आहे, रेडा आहे, बैलांचा रथ आहे आणि एक गेंडाही आहे. आज महाराष्ट्राच्या रानात गेंडा नाही, धातूचा तेवढा उरलाय. शेकरू अजून जिवंत आहे आणि आपल्याच जिल्ह्यात आहे. ते बघायला नको का?

आम्ही मंचर, घोडेगाव, डिंभे धरण या वाटेनं गेलो. रानात कुणाबरोबर जायचं हे आधीच ठरवलं होतं. तिथल्याच एका वाडीतला महादेव कोळी समाजातला तरुण आमचा वाटाड्या. सगळ्या जणी त्याला दादा म्हणायला लागल्या. वनखात्याच्या चौकीवर नोंद केली आणि दादानं नियम सांगितले. ठरलेल्या पायवाटेवरूनच चालायचं. मोबाईलवर गाणी नाहीत. अत्तर, पावडर नाही, भडक साडी नाही. बांगड्या वर सारून त्यावर रुमाल बांधायचा. काहीही खायला टाकायचं नाही. "बोलायचं असंल तर डोळ्यांनी बोला," असं तो म्हणाला. अठरा बायका आणि गप्प! पहिली दहा मिनिटं हसू आवरेना. मग आपोआप शांत झालो. पाचोळ्यावरचा आपलाच पाय आपल्याला ऐकू यायला लागला.

पहिल्यांदा दिसली ती घरटी. उंच झाडाच्या शेंड्याला, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, काटक्या आणि पानांचा मोठा गोळा. आम्हाला वाटलं गरुडाचं घरटं. दादा म्हणाला, शेकराचं. एकच शेकरू आसपास अशी बरीच घरटी बांधतं. फांदी मुद्दाम बारीक निवडतं, म्हणजे जड जनावर तिथवर येऊ शकत नाही.

बऱ्याच वेळानं वरून टकटक आवाज आला आणि फळांची टरफलं खाली पडली. दादानं हात वर केला. आम्ही जिथल्या तिथं थांबलो. आधी दिसली नुसती शेपटी, हातभर लांब, झुबकेदार, लोंबकळणारी. मग अंग दिसलं. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट, शेपटीचं टोक पांढुरकं. आपल्या परसातल्या खारीला याची पोर म्हणावं, एवढं मोठं. दोन्ही हातांत फळ धरून ते खात होतं आणि तोल सांभाळायला शेपटी खाली सोडली होती. आमची चाहूल लागली तसं ते खोडाला चिकटून निपचित झालं. झाडाचीच साल वाटावी असं. आम्ही हललो नाही. थोड्या वेळानं त्यानं अंग सोडलं, फांदीवरून धाव घेतली आणि पलीकडच्या झाडावर उडी मारली. शेकरू वीस फुटांपर्यंत उडी मारतं असं सांगतात. ती उडी आमच्या डोक्यावरून गेली. वह्यांचा हिशोब मांडणाऱ्या त्या वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. ओरडू नये म्हणून.

आता त्या उडीचा अर्थ सांगते ऐका, दादानं आम्हाला समजावला तसा. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. खाणं, झोपणं, पिलं वाढवणं, सगळं वरच. त्याला झाडाला झाड लागलेलं रान लागतं. मधली चार झाडं तोडली की त्याची वाट तुटली. मग त्याला खाली उतरावं लागतं आणि खाली कुत्री आहेत, बिबट्या आहे. म्हणजे नुसतं झाड असून भागत नाही, शेजारचं झाडही हवं. १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात या शेकराला राखणं हे मोठं कारण होतं. सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे रान पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलं आहे.

पण कागदावर अभयारण्य व्हायच्या कितीतरी आधीपासून तिथल्या लोकांनी रान राखलं आहे, देवराईच्या रूपानं. देवाच्या नावानं सोडलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही, असा गावाचा दंडक. जुनी थोर झाडं आणि जाडजूड वेली आजही उभ्या आहेत त्या अशा देवरायांत.

दुपारचं जेवण वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी केलं होतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवणाचे पैसे त्यांच्या गटात गेले, वाटाड्याचे दादाच्या हातात. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. एरवी भीमाशंकरला जाणाऱ्याचा पैसा हॉटेलात आणि गाडीतळावर संपतो, वाडीपर्यंत पोचतच नाही. जेवताना त्या बायकांशी बोलणं झालं. त्यांची नगदी मिळकत म्हणजे हिरडा. त्रिफळा चूर्णात हिरडा, बेहडा, आवळा असतो, त्यातला हा हिरडा. कोवळी फळं गोळा करायची, वाळवायची, विकायची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानातला असा मेवा गोळा करायचा आणि विकायचा हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. पण भाव पडला की वर्षाचं गणित बिघडतं. त्यातली एक ताई म्हणाली, "झाड तोडून एकदाच पैसा. राखलं तर नातवापर्यंत. पण राखणाऱ्याला भाव मिळायला हवा." ठेकेदार ठरवील तो रोज घेणाऱ्या आमच्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

परतताना वाटेत आम्ही प्लास्टिक वेचलं. पाण्याच्या बाटल्या, वेफरची पाकिटं, हारांच्या पिशव्या. दोन पोती भरली. आपल्यासारख्या भाविकांनीच टाकलेला कचरा तो. याच डोंगरात भीमा उगम पावते, चासकमान धरणात येते आणि पुढं पंढरपुरात तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. वर टाकलेलं खाली आपल्याच वाटेला येतं.

तुमच्या गटाला जायचं असेल तर थोडक्यात सांगतो. हिवाळा किंवा उन्हाळ्याची सुरुवात धरा. पावसाळ्यात धुकं असतं, जळवा लागतात आणि वाटा निसरड्या होतात. पहाटे लवकर निघा, कारण शेकरू सकाळी आणि दुपार कलल्यावर हिंडतं, भर उन्हात झोपतं. वाटाड्या स्थानिकच घ्या आणि पैसे आधी बोलून ठरवा. पायात बूट घाला, साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. पाणी घरच्या बाटलीत न्या. गुडघे दुखणाऱ्या मावशींना सोडून जाऊ नका. आमच्या दोन मावशी थोडंच चालल्या आणि झाडाखाली बसून राहिल्या. शेकरू सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच दिसलं.

घरच्यांची परवानगी हाही प्रश्न असतो. आमच्या काही जणींना "देवदर्शनाला जाते" असं सांगणं सोपं गेलं असतं. पण आम्ही ठरवलं होतं, खरं सांगायचं, शेकरू बघायला जाते असंच. दोघींच्या घरी हसले. एकीच्या घरी रुसवा झाला. पण अठराच्या अठरा जणी गाडीत बसल्या.

आता आमच्या वहीत पुन्हा पन्नास-पन्नास रुपये पडायला लागले आहेत. या वेळी पोरींनाही न्यायचं आहे. आणि वाडीतल्या त्या गटाकडून वाळवलेला हिरडा थेट विकत घेता येईल का, हा पुढच्या बैठकीचा विषय आहे. तुमच्या गटाला त्यात यायचं असेल तर आपल्या समन्वयक ताईंना निरोप द्या.