गणवेश आणि नववीचा उंबरठा



गणवेश म्हणजे शिस्त, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यामागे मोठा विचार आहे. बागवानाचा मुलगा, डॉक्टरांची मुलगी आणि मजुराचे पोर एका वर्गात बसले, तर कपड्यांवरून कोणाची गरिबी दिसू नये. हा विचार आपल्याला परका नाही. नमाजाच्या रांगेत शेजारी कोण उभा आहे, हे आपण विचारीत नाही.

मग अडचण कोठे? जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत गणवेश मोफत मिळतो. २०२४ साली शासनाने राज्यभर एकच गणवेश ठरविला. पुष्कळ शाळांत तो वेळेवर पोहोचला नाही. त्याच डिसेंबरात हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. या समितीत पालक असतात, हे ध्यानात ठेवा.

नववीत मात्र हायस्कूलचा गणवेश घरच्या पैशाने घ्यावा लागतो. अनुदानित शाळेत मुलींना फी नाही, खेड्यातून येणाऱ्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. मग केवळ गणवेशापायी मुलगी घरी बसावी काय? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. एकच जोड असलेली मुलगी आठवड्यातून किती दिवस शाळेत जाईल?

दुसरा प्रश्न हिजाबचा. कर्नाटकात २०२२ साली तो न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतेही त्यावर भिन्न पडली. दरम्यान परीक्षा चुकल्या त्या मुलींच्याच. म्हणून वादाची वाट पाहू नका. प्रवेशापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा, गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर चालेल का, हे आदबीने विचारा. बोलणे फिसकटले तर संस्थेकडे या; पण मुलीचे नाव शाळेतून काढू नका.

संस्थेला माझी विनंती आहे की, एप्रिलअखेर लहान झालेले गणवेश गोळा करावेत. शिवणकाम जाणणाऱ्या आपल्या भगिनींनी मे महिन्यात ते नीट करावेत. शाळा उघडण्यापूर्वी नववी-दहावीच्या प्रत्येक गरजू मुलीच्या हाती दोन जोड पडावेत.

विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याचा जुना गणवेश घालण्यात कमीपणा नाही. त्याला पाहून हसण्यात आहे.

खुदा हाफिज. जय हिंद.