उसनवारी आणि चोरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज पदवीधर व संशोधक विद्यार्थ्यांचा सत्कार होत असताना दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेत आयुष्य वेचलेला शिक्षक. उच्च शिक्षणाविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय! तथापि विद्यापीठात जे पीक उभे राहते, त्याची पेरणी आमच्याच वर्गात झालेली असते, एवढ्याच नात्याने हे धाडस करीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी खिन्न मुद्रेने घरी आला. त्याच्या अनुमतीनेच ही हकीकत सांगतो. त्याचा पीएच.डी.चा प्रबंध परत आला होता. इतरांच्या लेखनाशी साम्य शेकडा 40 हून अधिक भरले, म्हणून सुधारलेला प्रबंध सादर करण्यासही वर्षभर बंदी झाली. मी चार उपदेशाचे शब्द ऐकवू लागताच तो नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, गाइडातले निबंध पाठ करावेत आणि जसेच्या तसे उतरवावेत, म्हणजे गुण पडतात, हे आपणच शिकविले होते ना?" मी निरुत्तर झालो. त्याचे म्हणणे खरे होते.

वाङ्मयचौर्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली स्वतंत्र विनियम केले आहेत. त्यांनुसार साम्य शेकडा 10 पर्यंत असल्यास दंड नाही. 40 पर्यंत असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. 60 पर्यंत असल्यास एक वर्षाची बंदी, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. परंतु याच विनियमांत एक मर्माची गोष्ट आहे. मूळ लेखकाचे नाव सांगून घेतलेला उतारा या गणतीत धरीत नाहीत. शेजारणीकडून वाटीभर साखर सांगून आणली तर ती उसनवारी. न सांगता आणली तर ती चोरी. साखर तीच, वाटीही तीच!

हे पाप कालांतराने पचते, असेही कोणी समजू नये. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने 2011 साली काढून घेतली व त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. पुढे 2013 साली त्याच देशाच्या शिक्षणमंत्री शावान यांच्यावरही हाच प्रसंग आला. त्यांचा प्रबंध तर 1980 सालचा होता. तेहतीस वर्षांनी हिशेब चुकता झाला.

आपली परंपरा याहून निराळी आहे. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे थोर कवी. परंतु इतरांनी घुसडलेले पाठ दूर करून, मूळ ग्रंथात पदरची ओवी कोणी मिसळू नये असे त्यांनी बजावले. ज्याचे त्याला देणे हीच खरी विद्वत्ता होय.

मग दोष कोणाचा? तो केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. मुलाचा प्रकल्प वडील रात्री जागून करतात, अथवा दुकानातून तयार आणतात, आणि सकाळी मुलगा त्यावर आपले नाव घालतो. आता तर संगणकाला प्रश्न घातला की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निबंध लिहून देते. आम्ही शिक्षक पाठांतराला गुण देतो आणि मंडळ त्या गुणांना पारितोषिक देते. त्या साखळीत माझाही एक दुवा आहे, हे मी या व्यासपीठावरून कबूल करतो.

म्हणून माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पालकांनी मुलाचे वेडेवाकडे अक्षर आणि मोडकी वाक्ये सहन करावीत. त्याचे काम त्यालाच करू द्यावे. आणि मंडळाने पुढील वर्षापासून शिष्यवृत्तीच्या अर्जदाराकडून कार्यालयात बसवून एक पान स्वहस्ते लिहवून घ्यावे व गुणपत्रिकेबरोबर तेही वाचावे.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे सांगून संपवितो. त्याचा विषय आपल्या जिल्ह्यातील आठवडी बाजार. बंदीच्या वर्षात तो वही घेऊन बाजारोबाजार हिंडला, व्यापाऱ्यांशी बोलला आणि पहिल्यापासून लिहू लागला. गेल्या महिन्यात त्याने नवे प्रकरण मला वाचून दाखविले. भाषा थोडी ओबडधोबड होती. परंतु प्रत्येक वाक्य त्याचे होते, आणि जे दुसऱ्याचे होते तेथे त्या दुसऱ्याचे नाव होते. आजच्या सत्कारमूर्तींत तो नाही. ज्या वर्षी तो येईल, त्या वर्षी त्याच्या गळ्यात हार घालण्याचे भाग्य मंडळाने मला द्यावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.