लिहिणारे आपणच

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेलं हे भाषण. बोलणाऱ्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला चित्रांवर बोलायला सांगितलंय. काही जण म्हणाले, जमिनीची केस चालू आहे, वनखात्याची माणसं रोज पाड्यात येतायत आणि हा चित्रांचं काय घेऊन बसला? म्हणून आधीच सांगतो, मी जमिनीवरच बोलणार आहे.

आपल्या वारल्यांत लग्नाचा चौक काढत नाहीत. चौक लिहितात. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. सरकारी कागदावर ती अंगठा देते. पण लग्नघरात कुडाची भिंत शेणानं सारवून गेरू दिला, की सगळे तिलाच बोलवायला यायचे. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि सवासिणींबरोबर बसून लिहायचं. मधी पालघट देवी, भोवती चौकट, झाडं, चंद्र, सूर्य. धवलेरी गाणं म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. मग सांगा, माझी आजी अडाणी कशी?

त्याच लग्नाचं दुसरं लिहिणं सावकाराच्या वहीत असायचं. लग्नाला कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं सावकाराच्या दारात राबायची. त्यांना लग्नगडी म्हणायचे. भिंतीवरचा चौक पावसाळ्यात ओल येऊन पुसला जायचा. वहीतला आकडा पुसला जात नव्हता. ती वेठ आपल्या आजा-पणजांनी १९४५ साली लाल बावट्याखाली एकत्र येऊन मोडली. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मेली. हे आपण भाषणात दरवर्षी सांगतो. पण आमच्या पाड्यातल्या एकाही भिंतीवर तलवाडा नाही. तारपा आहे, मोर आहे, ताडावर चढणारा माणूस आहे. तलवाडा का नाही?

याचं एक कारण बाजार आहे. पूर्वी लिहिणाऱ्या सगळ्या बाया होत्या. भिंतीवरचं लिहिणं कागदावर आलं तेव्हा पैसा आला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. आपल्या माणसाचा हात दुनियेनं बघितला. पण त्यांच्यामागं आम्ही पोरं काय करतोय ते बघू. माझा एक दोस्त शहरातल्या व्यापाऱ्याला चित्रं देतो. एकदा त्यानं जंगलात उभी जीप आणि गार्डानं धरलेली मोळीवाली बाई काढली. व्यापारी म्हणाला, हे कोण विकत घेईल? नाच काढ, लग्न काढ. दोस्तानं जीप पुसली नाही, दुसरा कागद घेतला आणि नाच काढला. घरात तांदूळ नव्हता, मी त्याला दोष देत नाय. पण त्या चित्रांत भरायचं काम त्याची बायको करते आणि खाली सही त्याची एकट्याची असते. हा दोष मात्र मी देतो. त्याला तोंडावर सांगितलंय, म्हणून इथं बोलतोय.

आता आमच्या पाड्याचं सांगतो.

३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जमीन कसतो, हे दाखवा असं तेव्हा म्हणायचे. कशानं दाखवणार? गार्डानं दंड घेतला, कोंबडी नेली, पण पावती दिली नाही. पावती नाही म्हणजे तू तिथं नव्हतास! मग आम्ही ठरवलं, आपण आपला पाडा लिहायचा. एका घराची लांब भिंत सारवून घेतली. पोरांना वाटलं आपण काढू. पण आम्हाला ओहोळ कुठं वळतो तेही नीट आठवेना. म्हाताऱ्या बाया हसल्या आणि त्यांनीच काड्या घेतल्या. आधी ओहोळ, मग मोहाची मोठी झाडं, वाघोबाची जागा, मसणवट. मग एकेक प्लॉट. ज्याचा प्लॉट त्यानं पुढं यायचं, बांध बोटानं दाखवायचा, शेजाऱ्यानं हो म्हटलं तरच रेघ मारायची. तीन रात्री कंदिलाच्या उजेडात हे चाललं.

दुसऱ्या रात्री माझ्या काकाचा प्लॉट आला. काकानं बांध दाखवला तो मोहाच्या पलीकडं. शेजारची मावशी, नवरा गेलेली, काही बोलली नाही. माझी आजी म्हणाली, मोहाच्या पलीकडं हिचा नवरा नाचणी पेरायचा, राब मी बघितलाय. सगळे गप्प. काका माझ्या बापाचा सख्खा भाऊ, आणि काडी माझ्या हातात होती. मी ती मावशीला दिली. तिनं रेघ मोहाच्या अलीकडं मारली. काका उठून गेला आणि महिनाभर आमच्या घरी आला नाही. मग एके दिवशी येऊन भिंतीसमोर उभा राहिला, म्हणाला, बरोबर आहे. वनखात्याशी भांडताना आपण सगळे एक असतो, पण आपल्यातलाच कोणी दुबळ्याची जमीन खात असेल तर ते आधी दिसलं पाहिजे. भिंतीवर ते दिसलं.

मग हे सगळं कागदावर उतरवून अर्जांना जोडलं. साहेब म्हणाले, हा नकाशा नाही, हे चित्र आहे. आम्ही म्हटलं, चला, जागेवर बघा. दोन वेळा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी बाया ऑफिसच्या दारात बसल्या, तेव्हा आले. चित्रात जिथं मोह तिथं मोह होता. जिथं दगडी बांध तिथं बांध होता, त्यावर शेवाळ चढलेलं. असा बांध काय काल घातला? पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. निकाल अजून लागला नाही. चित्रानं जमीन मिळाली असं मी म्हणणार नाही. पण साहेबाला जागेवर आणायला ते उपयोगी पडलं आणि कुठल्या प्लॉटमधून कोणाला हुसकतायत हे आता पाड्यातल्या लहान पोराला पण कळतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक पाड्यानं एक भिंत लिहावी आणि काडी म्हाताऱ्या बायांच्या हातात द्यावी. चित्र विकणाऱ्यांनी विकावं, पण एकमेकांचा भाव पाडू नये, आणि सही घरात जितके हात लागले तितक्यांची करावी. देवीचा चौक विकायचा की नाही, हे पोरांनी ठरवू नये, धवलेऱ्यांना विचारावं.

आणि या पत्रकासाठी चित्रं पाठवा. स्टेन्सिलवर काढताना माणसाचे दोन त्रिकोण नुसत्या रेघांनी काढा. आत भरीव केलं की स्टेन्सिल फाटते, मग शाई सगळ्या पानावर पसरते. पहिलं चित्र तलवाड्याचं काढू. माझी आजी म्हणते, माणसं पडलेली कशी लिहायची ते मला कोणी शिकवलं नाही. मी म्हटलं, आजी, तू काढशील तसंच आम्ही शिकू.

जिंदाबाद!